रणगाड्यापुढची मेंढरं

रणगाडा शिकताना सगळ्यात आधी कळतं ते हे, की ड्रायव्हरला फार कमी दिसतं. टी-७२ मध्ये ड्रायव्हरची जागा पुढे, अगदी मधोमध, तोफेच्या नळीखाली. झाकण उघडं असेल तर डोकं बाहेर काढून गाडी हाकता येते. झाकण लावलं की पेरिस्कोपच्या काचेत मावेल तेवढंच जग. गाडीच्या नाकासमोरचे काही मीटर त्या काचेत येतच नाहीत. तिथे बसलेलं करडू, झोपलेलं कुत्रं, भारा बांधायला वाकलेली बाई, यातलं काहीही ड्रायव्हरला दिसणार नाही. मागचं तर नाहीच नाही. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, कमांडर असतो. त्याला जे दिसतं ते तो इंटरकॉमवर सांगतो आणि आपण त्या आवाजावर चालतो. ४१ टनांची गाडी, ७८० अश्वशक्तीचं इंजिन, आणि हाकणाऱ्याला पायापुढची जमीन दिसत नाही. ही गोष्ट ज्याच्या अंगात मुरत नाही त्याने ड्रायव्हर होऊ नये, हे माझं मत नोकरीभर बदललं नाही.

माझं गाव पारनेर तालुक्यातलं, घर धनगराचं. वडील आणि चुलते दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. मी १९९० च्या दशकात चिलखती दलात भरती झालो आणि ट्रेनिंगला आलो ते नगरलाच, आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये. नगर म्हणजे तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. ड्रायव्हिंग आणि फायरिंगची जागा के. के. रेंज, म्हणजे खारे कर्जुन्याचा माळ. नगर, पारनेर, राहुरी या तिन्ही तालुक्यांतल्या मेंढपाळांना हा माळ माहीत आहे. लाल झेंडा लागला की तिकडे जायचं नाही, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. तोच माळ मी आता दुसऱ्या बाजूने पाहत होतो.

टी-७२ ला स्टिअरिंगचं चाक नसतं, दोन दांडे असतात. डावा दांडा अर्धा ओढला की डाव्या बाजूचा गिअर एकाने खाली येतो आणि गाडी ऐसपैस वळण घेते. पूर्ण ओढला की डाव्या पट्ट्याला, म्हणजे चाकांभोवतीच्या लोखंडी साखळीला, ब्रेक लागतो आणि गाडी जागच्या जागी फिरायला बघते. नव्या पोराला हा दुसरा प्रकार फार आवडतो, आणि आमचे उस्ताद, म्हणजे शिकवणारे, त्यावरूनच सगळ्यात जास्त ओरडायचे. एक तर त्याने जमीन नांगरल्यासारखी उखडते. दुसरं म्हणजे दगडगोट्यांत किंवा उतारावर आडवं असताना असं वळलं की पट्टा चाकावरून उतरतो, आणि तो परत चढवायला अख्ख्या क्रूचा अर्धा दिवस जातो. तिसरं कारण त्यांनी मला वेगळं, बाहेर उभं करून दाखवलं. दुसऱ्या ड्रायव्हरला गाडी फिरवायला लावली आणि मला म्हणाले, नाकाकडे बघू नको, शेपटीकडे बघ. नाक डावीकडे गेलं तशी शेपटी उजवीकडे झाडूसारखी फिरली. तिथे कुणी उभं असतं तर त्याला कळायच्या आत खाली गेलं असतं. ड्रायव्हरला ती शेपटी कधीच दिसत नाही.

के. के. रेंजवर ओढे भरपूर. ओढ्यात उतरायचं तर काठाला सरळ काटकोनात भिडायचं, दोन्ही पट्टे एकाच वेळी खाली गेले पाहिजेत. तिरकं गेलं तर एक बाजू आधी घसरते, गाडी कलंडते आणि तोफेची नळी समोरच्या दरडीत घुसते. नळीत माती जाणं ही साधी गोष्ट नाही. कोंदलेल्या नळीतून गोळा सुटला तर नळी फाटते. म्हणून खोल जागी तोफ वर उचलून किंवा मागे फिरवून उतरायचं आणि पलीकडे गेल्यावर नळी तपासायची.

मुरमावर गाडी सुखाने चालते. पावसात काळ्या मातीचा पट्टा लागला की खरी परीक्षा. वरून सुकलेली दिसते, आत लोणी. पट्टे रुतत जातात आणि एका क्षणी गाडीचं पोट जमिनीला टेकतं. मग पट्टे नुसते गरगरतात, गाडी हलत नाही. अशा वेळी रेस वाढवणारा ड्रायव्हर गाडी आणखी खोल नेतो. टी-७२ च्या मागे एक जाडजूड लाकडी ओंडका बांधलेला असतो, तो याच वेळेसाठी. तो सोडवून पुढे आणायचा, दोन्ही पट्ट्यांना आडवा अडकवायचा, पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे यायचं. ओंडका पोटाखाली जातो, त्याच्यावर जोर घेऊन गाडी एका अंगाने वर उठते. ओंडका मागे निघाला की लगेच थांबायचं, नाहीतर तो वर चढून पंखे-जाळी तोडतो. चिखलात गुडघाभर उभं राहून, ओला ओंडका खांद्यावर घेऊन हे काम करताना आमच्यातले दांडगे गडीसुद्धा रडकुंडीला यायचे.

उस्ताद लोक १९६५ ची गोष्ट इथेच सांगायचे. खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं होतं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या चिखलात नि उसात अडकून मारले गेले. त्या लढाईत डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे कमांडर होते आपल्या अलिबागचे अरुणकुमार वैद्य, पुढे लष्करप्रमुख झाले ते. आणि १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाला शत्रूचे रणगाडे मऊ वाळूत रुतले आणि सकाळी आपल्या विमानांनी त्यांना टिपलं. आधी जमीन वाचा, मग शत्रू. हे वाक्य आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की झोपेतही म्हणता आलं असतं.

रेजिमेंटमध्ये गेल्यावर राजस्थान आलं. बिकानेर जिल्ह्यातली महाजन रेंज, सुरतगडचा भाग, कालव्याच्या कडेची नवी शेतं आणि त्यापलीकडे नुसते धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या. धोऱ्यावर चढायचं तर खालूनच गिअर ठरवायचा आणि सरळ चढायचं. मध्येच गिअर बदलला की वेग मरतो आणि गाडी जागेवर खड्डा खणते. दांडा ओढायचा नाही, ओढलाच तर अगदी हलका. माथ्याजवळ आलं की रेस कमी करायची, कारण पलीकडे उतार आहे की कडा आहे की माणसं आहेत हे कुणालाच माहीत नसतं. माथ्यावर गाडीचं नाक आकाशाकडे असतं, ड्रायव्हरला फक्त निळं दिसतं. त्या दोन-तीन सेकंदांची मला शेवटपर्यंत धास्ती वाटायची. धोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला, खेजडीच्या सावलीत कळप बसतात. मी धनगराचा पोर, मलाही मेंढरं तिथेच बसवावीशी वाटली असती. म्हणून आमच्या गाडीवर मी एक ठरवून घेतलं होतं आणि कमांडरनेही ते मानलं. सरावात, जिथे वेळ आहे तिथे, अनोळखी माथ्याच्या अलीकडे थांबायचं, कमांडरने किंवा गनरने उतरून पलीकडे डोकावायचं, मगच गाडी न्यायची. लढाईतही ड्रायव्हर माथ्याआड थांबतो आणि कमांडर आधी पाहतो, त्यामुळे हे काही वेगळं शिकावं लागलं नाही.

जनावरांच्या वाटांवरून जमीन कशी ओळखायची हे मला सैन्यात कुणी शिकवलं नाही, ते घरचं शिक्षण. वाळवंटात मेंढरांच्या आणि गाईंच्या बारीक वाटा असतात. त्या पसरत गेल्या असतील तर पुढे चराई आहे. चहूकडून एकाच जागी येत असतील तर पुढे पाणी आहे, जोहड नाहीतर टोबा. तिथे वरून पापुद्रा धरलेला असतो, त्यावर खुरांचे शेकडो ठसे असतात आणि नवा कमांडर म्हणतो, एवढी गुरं चालली तर जमीन टणकच असणार. हा समज घातक आहे. हिशोब केला तर बैलाच्या खुराखाली चौरस सेंटिमीटरला जेवढा दाब येतो त्यापेक्षा टी-७२ च्या पट्ट्याखालचा दाब कमी भरतो, किलोभराच्या आतच. पण खुराचा दाब वरच्या वितीभर मातीत विरून जातो. रणगाड्याचं वजन लांबरुंद पट्ट्यावर पसरलेलं, ते खोलवर पोचतं आणि पापुद्र्याखालचा ओला गाळ दाबतं. जिथे वाटा एकवटतात तिथून मी गाडी नेहमी लांबून काढली. गाडी रुतू नये हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या भागात पाण्याची एवढीशी जागा असते, दहा गावांची जनावरं तिच्यावर जगतात. रणगाड्याने तिचा बांध फोडला तर पुढचा पाऊस येईपर्यंत ती बुजलेलीच.

प्रत्येक जनावर रणगाड्यापुढे वेगळं वागतं. शेळ्या फाटाफूट करून पळतात, त्यांचं फारसं भय नाही. गाय बाजूला होते, पण वासरू मागे राहिलं असेल तर परत फिरून थेट गाडीवर येते. पंजाबातली म्हैस पाण्यातून उठतच नाही. उंट लांबून बघत उभा राहतो. आणि उंटाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायची. चरायला सोडलेल्या उंटाचे पुढचे पाय पुष्कळदा दोरीने बांधलेले असतात. लांबून ते दिसत नाही. हॉर्न देऊन उपयोग नाही, त्याला पळताच येत नाही. तो घाबरून दोन्ही पाय एकदम उचलतो आणि पडतो. मेंढरांचं सगळ्यात अवघड. ती पळत नाहीत, एकमेकांत घुसतात. म्होरकं जिकडे गेलं तिकडे सगळी. पहिलं मेंढरू गाडीपुढून गेलं तर शेवटचंही तिथूनच जाणार, मधे पट्टा फिरत असला तरी.

टी-७२ चा एक्झॉस्ट डाव्या अंगाला, मागच्या बाजूला आहे. धूर आणि तापलेली हवा तिकडूनच बाहेर पडते आणि बरोबर जनावराच्या तोंडावर येते. म्हणून कळपाच्या शेजारून जायचंच झालं तर तो उजव्या हाताला ठेवायचा.

एका सरावात आमचा ट्रूप, म्हणजे तीन रणगाडे, कालव्याच्या बाजूने निघाला होता. ऊन उतरत आलं होतं. कमांडर म्हणाला, ड्रायव्हर हॉल्ट, समोर एवड आहे. तिकडे मेंढरांच्या खांडव्याला एवड म्हणतात. चारशे-पाचशे तरी असतील, बरोबर थोड्या शेळ्या, दोन कुत्री, सामानाचे दोन उंट. पुढे लाल फेट्याचा म्हातारा रायका, म्हणजे तिकडचा मेंढपाळ. मी थांबलो. गाडी बंद करायला हात नेला, तेवढ्यात तो म्हातारा हातातली काठी आडवी करून ओरडला, "बंद मत करो साब, ऐसे ही घूँ-घूँ करने दो." मला एका क्षणात पटलं. एकसारख्या आवाजाला मेंढरं सरावतात. बिचकतात ती आवाज बदलला की. बंद केलेलं व्ही-१२ डिझेल इंजिन मधेच परत सुरू केलं असतं तर अर्धा खांडवा कालव्यात गेला असता. मी पाय पेडलवरून काढून घेतला आणि इंजिन मंद ठेवलं. म्हाताऱ्याने एक शेळी कान धरून गाडीच्या पुढून, नाकापासून काही हातांवरून चालवत नेली. आणि मग तोंडाने टक्-टक् असा आवाज करत बाजूला उभा राहिला. शेळीमागे पहिली मेंढी, तिच्यामागे सगळी. माझं डोकं झाकणातून बाहेर, आणि मेंढरं डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली, इतकी जवळ की लोकरीत अडकलेली भुरटाची कुसळं दिसत होती. ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा वास डिझेलच्या वासात मिसळून आला. बरोबर आमच्या वाड्यावरचा वास.

स्क्वाड्रनमधून रेडिओवर विचारणा आली, का थांबलात. ट्रूप लीडर साहेबांनी सांगितलं, गुरं आहेत. सरावात प्रत्येक मिनिटाचा हिशोब असतो, अंपायर असतात, उशीर झाला तर शिव्या बसतात. पलीकडून फक्त "रॉजर, थांबा" एवढंच आलं. ज्या रेजिमेंटचे अधिकारी अशा वेळी थांबा म्हणतात त्या रेजिमेंटचे ड्रायव्हर चांगले निघतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं.

चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी जनावरांना जास्त धोक्याची असते, हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. सरावात रणगाडे झाडोऱ्यात लपवून उभे करतात, त्याला हार्बर म्हणतात. दुपारी मैलभरात सावली नसते, मग जवळच्या ढाणीवरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शेळ्या, करडं गाडीच्या पोटाखाली येऊन बसतात. थंडीत कुत्री गरम इंजिनाच्या कडेला मुटकुळं करून झोपतात. पोटाखाली जेमतेम दीड फूट जागा, आत बसलेलं काही वरून दिसत नाही. म्हणून स्टार्ट करायच्या आधी क्रूमधल्या एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची, गुडघ्यावर बसून दोन्ही बाजूंनी खाली बघायचं, रात्री टॉर्च लावून बघायचं, आणि ड्रायव्हरला हाताने खूण करायची. खूण झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, आणि सुरू केल्यावरही लगेच हलायचं नाही. गाडी मागे घ्यायची असेल तर बाहेर गाइड उभा पाहिजेच. टी-७२ रिव्हर्समध्ये ताशी चारेक किलोमीटरच चालते, माणसाच्या चालीएवढी. त्या चालीने मागे येणारी गाडी झोपलेल्या करडाला धोक्याची वाटत नाही, ते उठत नाही.

आताच्या पोरांकडे थर्मल कॅमेरे आहेत. रात्री बसलेला खांडवा त्यात पांढऱ्या ठिपक्यांसारखा लांबून दिसतो. पण ती साइट मुख्यतः गनर आणि कमांडरकडे असते, आणि गाडीच्या पोटाखालचं करडू तिला दिसत नाही. फेरी मारायची ती मारायचीच.

२००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रममध्ये आम्ही सीमेवर गेलो. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सैन्य तिथेच होतं. सीमेलगतच्या शेतांत आणि कुरणांत भूसुरुंग पेरले गेले. त्यांना काटेरी तारेचं कुंपण असतं, लाल त्रिकोणी पाट्या असतात. पण वाळवंटात वारा सुटला की वाळू सरकते, तार अर्धी पुरली जाते आणि जनावर आरामात तिच्यावरून पलीकडे जातं. पाटी माणसासाठी, गाईला काय कळणार. रात्री एखादा धमाका व्हायचा आणि सगळे जण सावध होऊन बंदुका हातात घ्यायचे. सकाळी दुर्बिणीतून दिसायचं, कुणाची तरी राठी गाय पडलेली आहे. मालक कुंपणाबाहेर उभा, आत जाता येत नाही. काही जिवंत असायच्या. त्या हंबरायच्या, आणि वाट मोकळी केल्याशिवाय कुणालाही आत सोडता येत नसे. त्या काळात रणगाड्यावर बसून मी जे ऐकलं ते तोफेच्या आवाजापेक्षा जास्त लक्षात आहे. चूक कुणाची हा प्रश्न नाही, युद्धाची तयारी होती आणि ती करावीच लागणार होती. पण तिची किंमत जनावरांनीही मोजली, हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

नुकसानीचंही सांगतो, कारण आपल्याकडच्या मेंढपाळांना त्याचा उपयोग आहे. पुढे एका सरावात रणगाड्यांची रांग धुळीतून चालली होती. आमच्या पुढच्या गाडीखाली एक मेंढी आली. धुळीत त्या ड्रायव्हरला काही दिसणं शक्यच नव्हतं. रांग थांबली. वेळ आणि नकाशावरची जागा लिहून घेतली, गाडीचा नंबर लिहिला, मालकाला शोधून आणलं. १९३८ चा एक कायदा आहे, लष्करी सराव, फील्ड फायरिंग आणि तोफांच्या सरावाबद्दलचा, तो आजही लागू आहे. सराव असेल तेव्हा जिल्हाधिकारी महसूल अधिकाऱ्याला सैन्याबरोबर पाठवतात. नुकसान झालं की त्याने जागेवर येऊन बघायचं, मालकाचं म्हणणं ऐकायचं, भरपाई ठरवायची आणि तिथेच द्यायची. रक्कम मान्य नसेल तर अपील करता येतं. तिथे आलेल्या माणसाने एका मेंढीची किंमत लिहिली. मी खाली उतरून बघितलं होतं. मेंढी गाभण होती, कास उतरली होती, आठवड्याभरात व्याली असती. मालकाला हिंदी नीट येत नव्हती आणि तो वर्दीपुढे बोलायला कचरत होता. मी आमच्या रिसालदार साहेबांना सांगितलं, त्यांनी त्या अधिकाऱ्याला मेंढी उलटून दाखवली आणि आकडा बदलून घेतला.

के. के. रेंजच्या आसपासच्या, किंवा कुठल्याही रेंजच्या कडेला राहणाऱ्या आपल्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जनावर मेलं तर पंचनामा होईपर्यंत ते हलवू नका. गाभण होतं, दुभतं होतं, म्होरकं होतं, जे असेल ते तोंडाने सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. फायरिंगच्या तारखा गावात कळवतात, तलाठ्याकडे विचारून ठेवा. लाल झेंडा खाली आल्यानंतरही मेंढरं आत नेताना खाली बघत चला. आणि रेंजवर पडलेलं लोखंड, पितळ, कसलंही, पोरांना उचलू देऊ नका. न फुटलेला गोळा वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो दिसला तर जागा लक्षात ठेवा, मागे फिरा आणि पोलीस पाटलाला सांगा.